ऑनलाइन कामाचा तास कोण मोजतो?

मोजपट्टी:

नमस्कार मंडळी. रोजगाराच्या सर्वेक्षणांसाठी प्रश्नावल्या तयार करणं हे माझं रोजचं काम. गेली काही वर्षं एका प्रश्नाने मला अडवून धरलंय. इथे ॲपवर काम करणारे आहेत, ॲप लिहिणारे आहेत, कायद्यातले जाणकारही आहेत, म्हणून तो इथे मांडते.

प्रश्न असा: "गेल्या आठवड्यात तुम्ही किती तास काम केलंत?"

हजेरीपट असलेल्या कामात याचं उत्तर लगेच येतं. ऑनलाइन टास्क, म्हणजे वेबसाइटवरून मिळणारी छोटी छोटी कामं, करणाऱ्या एका बाईंना मी चाचणी मुलाखतीत हेच विचारलं, तर त्यांनीच मला विचारलं, "कोणते तास सांगू? पैसे मिळाले ते, की स्क्रीनसमोर बसले होते ते?" माझ्या प्रश्नावलीत दुसरा रकानाच नव्हता.

तेव्हापासून माझं मत बनत गेलंय की "कर्मचारी की स्वयंरोजगारी" हा जो वाद जगभर चाललाय, त्याच्या बुडाशी तासाचा वाद आहे. किमान वेतन तासावर ठरतं. अपघात कामावर असताना झाला का, हे तासावर ठरतं. बेरोजगारीचा दर काढतानासुद्धा आठवड्यात एक तास काम केलेला माणूस रोजगारात धरतात. हा तासच धूसर असेल तर त्यावर उभं केलेलं धोरण डळमळणारच.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने, म्हणजे आयएलओने, २०१८ मध्ये ७५ देशांतल्या ३,५०० ऑनलाइन कामगारांची पाहणी प्रसिद्ध केली. पैसे मिळालेल्या दर तासामागे सरासरी २० मिनिटं बिनपैशाची जात होती: टास्क शोधणं, पात्रता चाचण्या देणं, काम देणारा कसा आहे याची माहिती काढणं. फक्त पैशाचा वेळ धरला तर तासाची सरासरी कमाई ४.४३ डॉलर. बिनपैशाचा वेळ मिळवला की ३.२९ डॉलर. माणूस तोच, काम तेच, फक्त भागाकार बदलला आणि पाव कमाई गेली.

तासाआधी माणसं मोजावीत म्हटलं तर तिथेही तीच गत. अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी कार्यालयाने मे २०१७ च्या पाहणीत ॲपवरून मिळणाऱ्या कामाबद्दल चार नवे प्रश्न घातले. कामात संगणक किंवा मोबाइल वापरतो एवढ्यावरच अनेकांनी "हो" सांगितलं. "हो" म्हणणारे ३.३ टक्के होते, उत्तरं तपासून चाळल्यावर उरले १ टक्का. युरोपीय आयोगाने २०२१ मध्ये कायद्याचा मसुदा मांडताना प्लॅटफॉर्मवरून, म्हणजे काम देणारे आणि करणारे यांना जोडणाऱ्या ॲप-वेबसाइटवरून, काम करणारे २.८ कोटी धरले होते. युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाच्या, म्हणजे युरोस्टॅटच्या, २०२२ च्या १७ देशांतल्या प्रायोगिक पाहणीत मात्र वर्षभरात किमान एक तास असं काम केलेले, १५ ते ६४ वयाचे, ३ टक्केच निघाले. यातला कुठलाही आकडा खोटा नाही. व्याख्या वेगळी, विचारण्याची रीत वेगळी. जागतिक बँकेचा २०२३ चा जगभरातल्या ऑनलाइन गिग कामगारांचा अंदाज तर १५.४ कोटी ते ४३.५ कोटी इतका पसरलेला आहे. मधली २८ कोटी माणसं आहेत की नाहीत, हेच ठाऊक नसेल तर त्यांच्यासाठी निधी किती ठेवायचा हे कोण कसं ठरवणार?

तुमचा अनुभव सांगा. तुमचा तास कधी सुरू होतो आणि कधी संपतो?

कळफलक:

मोजपट्टीताई, मी तीन वर्षं डेटा लेबलिंग करते. चित्रांतल्या वस्तूंभोवती चौकटी काढणं, आवाजाचं लेखन तपासणं, आणि हल्ली एआयने दिलेल्या दोन उत्तरांपैकी बरं कोणतं ते सांगणं.

माझा तास सुरू होतो तो पान रिफ्रेश करण्यापासून. चांगले टास्क आले की काही सेकंदांत उचलले जातात, म्हणून दुसरं काही करत असताना एक डोळा स्क्रीनवर असतो. जेवताना, मुलाचा अभ्यास घेताना, सगळीकडे. याला काम म्हणायचं की नाही ते मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मग पात्रता चाचणी. ती तासभर चालते, पैसे नाहीत, आणि उत्तीर्ण झालं तरी टास्क येईलच असं नाही. एकदा मी लागोपाठ दोन दिवस एका प्रकल्पाच्या सूचना वाचून काढल्या, चाचणी दिली, पास झाले, आणि तिसऱ्या दिवशी प्रकल्प बंद.

सर्वांत जास्त लागतं ते रिजेक्शन. केलेलं काम "दर्जा कमी" म्हणून नाकारलं जातं, कारण सांगत नाहीत, पैसे मिळत नाहीत, आणि काम मात्र त्यांच्याकडेच राहतं. मग त्या दोन तासांना काय म्हणायचं? कागदोपत्री ते तास घडलेच नाहीत. वर स्वीकृतीचा टक्का घसरतो आणि पुढची चांगली कामं दिसेनाशी होतात.

म्हणून तुमच्या त्या बाईंचा प्रश्न मला माझाच वाटला.

दुचाकी:

मी डिलिव्हरी करतो, त्यामुळे माझं काम रस्त्यावरचं. पण दुखणं तेच. ऑर्डर हातात असेल तेवढ्याच वेळाचे पैसे. हॉटेलबाहेर पदार्थ तयार व्हायची वाट पाहण्याचे नाहीत, परत येण्याचे नाहीत, दोन ऑर्डरींच्या मध्ये झाडाखाली उभं राहण्याचे नाहीत. मागच्या पावसाळ्यात रिकामा परत येताना घसरून पडलो. विम्यासाठी विचारलं तर उत्तर आलं, त्या वेळी ऑर्डर चालू नव्हती. मी काय त्या पावसात फिरायला गेलो होतो?

समांतर:

धागा चांगला आहे, पण मला थोडी वेगळी बाजू मांडायची आहे. मी फ्रीलान्स प्रोग्रामर. बारा वर्षं नोकरी केली आणि सोडली, ती तासांतून सुटायलाच. मला दिवसाचे चार तास आईच्या सेवेला द्यावे लागतात आणि कोणते चार ते मी ठरवतो. उद्या कायद्याने माझा तास मोजायला घेतला तर मोजण्यासाठी माझ्यावर नजर ठेवावी लागेल. काही ठिकाणी आत्ताच दर दहा मिनिटांनी स्क्रीनचा फोटो घेतात, कळा किती दाबल्या ते मोजतात. ताशी दराने पैसे हवे असतील तर हे सहन करा, असा सौदा आहे. तुमच्या धोरणाने तोच सौदा सगळ्यांवर लादला जाईल, ही माझी खरी भीती आहे.

शिवाय लवचीकतेला किंमत आहे हे संशोधनानेही दाखवलंय. उबरच्या चालकांवरचा चेन आणि सहकाऱ्यांचा २०१९ चा निबंध आहे. आपल्या सोयीने तास निवडता येण्यातून चालकांना मिळणारा फायदा कमी लवचीक व्यवस्थेच्या दुपटीहून जास्त निघाला.

आणखी एक. तास न मोजताही सुरक्षा देता येते. भारताच्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत प्लॅटफॉर्म कंपनीने वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कामगारांच्या निधीत भरायची आहे, मर्यादा कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्के. यात तास कुठेच येत नाही. हा मार्ग मला जास्त शहाणपणाचा वाटतो.

मोजपट्टी:

समांतर, तुमचा नजर ठेवण्याचा मुद्दा मी मनापासून मान्य करते. मोजणी आणि पाळत यांच्यातली रेघ कुठे ओढायची हे मलाही अजून सुटलेलं नाही.

त्या निबंधाबद्दल एक गोष्ट मात्र सांगायला हवी. त्यातली आकडेवारी कंपनीने दिलेली होती आणि लेखकांपैकी एक जण कंपनीत काम करत होती. निबंधात हे लपवलेलं नाही, आणि म्हणून निष्कर्ष चुकीचा ठरतो असंही नाही. निबंध चांगला आहे, मी विद्यार्थ्यांना वाचायला देते. पण कंपनीचं दार ज्यांना उघडतं त्यांनाच हा डेटा मिळतो, आणि कोणता प्रश्न विचारला जाईल हे दारातच ठरतं. लवचीकतेची किंमत किती, हा प्रश्न विचारला गेला. वाट पाहण्याची किंमत किती, हा प्रश्न विचारायला तितक्या सहज डेटा मिळत नाही.

आणि निधीबद्दल: उलाढालीवर आधारलेला निधी चांगलाच आहे, कारण तो तासाच्या भानगडीत न पडता पैसा गोळा करतो. पण दुचाकी यांचं घसरणं त्याने सुटत नाही. निधी भरला तरी तो कधी द्यायचा हे ठरवताना "त्या वेळी तुम्ही कामावर होतात का?" हा प्रश्न परत येतोच.

न्यायपत्र:

कायद्याच्या बाजूने थोडं सविस्तर लिहितो, कारण हा तासाचा मुद्दा न्यायालयांत अगदी नेमका समोर आलेला आहे.

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ ला उबर विरुद्ध अस्लम या खटल्यात निकाल दिला. बातम्यांत आलं ते एवढंच की चालकांना "वर्कर" मानलं, म्हणजे कर्मचारी आणि स्वयंरोजगारी यांच्या मधला, किमान वेतनाचा हक्क असलेला वर्ग. निकालाचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा होता: चालक परवान्याच्या हद्दीत ॲपवर लॉगिन आहे आणि फेरी घ्यायला तयार आहे, तो सगळा वेळ कामाचा वेळ. प्रवासी गाडीत नसला तरीसुद्धा. पुढच्याच महिन्यात कंपनीने किमान वेतन द्यायला सुरुवात केली, ती फेरी स्वीकारल्यापासूनच्या वेळासाठी. वाट पाहण्याचा वेळ बाहेरच राहिला. न्यायालयाने एक तास सांगितला, व्यवहारात दुसरा आला.

कॅलिफोर्नियात तर हे मतदानानेच ठरलं. २०१९ च्या एबी ५ कायद्याने या कामगारांना कर्मचारी मानण्याकडे कल दिला होता. नोव्हेंबर २०२० मध्ये प्रॉपोझिशन २२ मंजूर झालं आणि ॲपवरच्या चालकांना त्यातून वगळलं. त्यात किमान वेतनाच्या १२० टक्के हमी आहे, ऐकायला उत्तम, पण ती फक्त "गुंतलेल्या" वेळासाठी, म्हणजे फेरी स्वीकारल्यापासून संपेपर्यंत. २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं. सगळा वाद त्या एका विशेषणात मावलेला आहे.

कळफलक यांच्या कामाचं आणखी अवघड. काम देणारा एका देशात, प्लॅटफॉर्म दुसऱ्या, त्या तिसऱ्या. दाद मागायची कुठे? कॅनडात उबर विरुद्ध हेलर हा खटला झाला. टोरांटोत खाद्यपदार्थ पोचवणाऱ्या माणसाच्या करारात लिहिलं होतं की वाद झाला तर लवाद नेदरलँड्समध्ये, आणि त्याचं सुरुवातीचं शुल्क १४,५०० अमेरिकी डॉलर. २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते कलम अन्यायकारक म्हणून फेटाळलं. पण त्यासाठी आधी कुणीतरी तिथवर जावं लागतं. पंचवीस सेंटच्या टास्कसाठी कोण जाणार?

घरून काम करणाऱ्यांसाठी आयएलओचा करार १९९६ पासून आहे, क्रमांक १७७. तो शिवणकाम, जुळणी असली कामं डोळ्यांसमोर ठेवून झाला असला तरी शब्द असे आहेत की घरी बसून लेबलिंग करणारी व्यक्ती त्यात बसू शकते. मान्यता दिलेले देश मात्र मोजके. जून २०२५ च्या आयएलओ परिषदेत प्लॅटफॉर्म कामासाठी स्वतंत्र बंधनकारक करार आणि त्याला जोडून शिफारस, असा आराखडा ठरला. माझ्या मते त्यात "कामाचा वेळ" कसा लिहिला जातो हे पाहायचं. बाकी कलमं त्याच्या मागून येतात.

दुचाकी:

न्यायपत्रसाहेब, एक अडचण विचारतो. मी दोन ॲप एकाच वेळी चालू ठेवतो. आम्ही सगळेच ठेवतो, नाहीतर भागत नाही. मी झाडाखाली उभा आहे तो वेळ कुणाचा? दोघांनी द्यायचा?

न्यायपत्र:

अगदी नेमका प्रश्न. त्या ब्रिटिश खटल्यातही हा निघाला होता. त्या काळी लंडनमध्ये चालक दुसऱ्या ॲपच्या ताब्यात असण्याचा पुरावा नव्हता, त्यावर निकाल झाला. ॲप अनेक असतील तिथे काय, हे मोकळंच राहिलं. दोघांत वाटून घ्यावा असं सुचवणारे आहेत. पण वाटायचं तर दोन्ही कंपन्यांच्या नोंदी एका ठिकाणी याव्या लागतील.

आकडेमोड:

याच गोष्टीवर न्यूयॉर्कमध्ये प्रत्यक्ष प्रयोग झालाय आणि तो फार शिकण्यासारखा आहे, म्हणून लांबण लावतो.

तिथल्या टॅक्सी आयोगाने ॲप कंपन्यांना प्रत्येक फेरीची नोंद आयोगाकडे देणं परवान्याची अट म्हणून घातलेलं होतं. त्यामुळे २०१८ मध्ये जेम्स पॅरट आणि मायकेल राइख या दोन अर्थतज्ज्ञांना खऱ्या नोंदींवर काम करता आलं. कंपनीच्या कृपेवर अवलंबून राहावं लागलं नाही. त्या अभ्यासावरून २०१९ च्या सुरुवातीला किमान मोबदल्याचं सूत्र लागू झालं. सूत्राची गंमत अशी, गंमत म्हणजे खरं कौशल्य: फेरीच्या वेळाचे आणि अंतराचे पैसे काढायचे आणि ते "वापर दरा"ने भागायचे. चालक लॉगिन असलेल्या वेळापैकी किती वेळ त्याच्या गाडीत प्रवासी होता, तो हा दर. उद्योगाचा दर ५८ टक्के धरला. चालक जितका रिकामा, तितकी दर फेरीची रक्कम जास्त. म्हणजे दुचाकी यांच्या झाडाखालच्या वेळाचा खर्च पहिल्यांदा कंपनीच्या वहीत गेला.

मग काय झालं? रिकामा वेळ महाग पडायला लागल्यावर कंपन्यांनी मागणी कमी असताना चालकांना लॉगिनच करू देईनासं केलं. २०१९ मध्ये झालं, २०२४ मध्ये पुन्हा झालं. चालक गाडीतच बसलेला, रस्त्यावरच, पण ॲपबाहेर. तो वेळ आकडेवारीतून नाहीसा झाला आणि वापर दर कागदावर सुधारला. डिलिव्हरी कामगारांना डिसेंबर २०२३ पासून तिथे ताशी १७.९६ डॉलरचं किमान मिळायला लागलं, तेव्हाही लॉगिनवर मर्यादा आल्या.

समांतर म्हणतील, बघा, मी सांगत होतो. पण मी उलट वाचतो. नियम चुकला नाही, तो पहिला डाव होता. कंपनीने दुसरा खेळला. तो दिसला कशामुळे? आयोगाकडे नोंदी होत्या म्हणून. जिथे नोंदीच नाहीत तिथे पहिला डावही आंधळा.

समांतर:

आकडेमोड, हे मला माहीत नव्हतं. तरी माझा आक्षेप शिल्लक आहे: लॉगिनवर मर्यादा आल्या तेव्हा नुकसान कुणाचं झालं? ज्यांना फक्त रात्री दोन तास मिळतात त्यांचं. नियम पूर्णवेळ काम करणाऱ्याला समोर ठेवून होतात आणि फटका माझ्यासारख्याला बसतो. हे मोजणार का कुणी?

आकडेमोड:

मोजायला हवं. हा हिशेब मांडला नाही तर नियमाच्या बाजूने बोलण्याचा मला अधिकार नाही.

सूत्रधार:

मी एका प्लॅटफॉर्मच्या सर्व्हरवर काम केलेलं आहे, कोणत्या ते सांगत नाही. तांत्रिक बाजू एवढीच सांगतो की "मोजणं अवघड आहे" हे खरं नाही. लॉगिन, लोकेशन, ऑफर दाखवली, ऑफर नाकारली, टास्क उघडला, टास्क सोडला, प्रत्येक घटनेवर सेकंदासकट शिक्का पडतो. वाट पाहण्याचा वेळ काढायला एक ओळीची क्वेरी, म्हणजे डेटाला विचारलेला प्रश्न, पुरते. आम्ही ती रोज चालवायचो, कारण किती जण रिकामे आहेत त्यावर पुढच्या ऑफरचा दर ठरायचा. म्हणजे तो वेळ मोजला जातो, वापरला जातो, फक्त ज्याचा आहे त्याला दाखवला जात नाही.

समांतर, तुमच्या भीतीलाही हेच उत्तर आहे. नवी पाळत लागत नाही. जी आधीपासून आहे तिची वही उघडायची आहे.

या वहीत काय दडलेलं असतं त्याचं उदाहरण: इटलीत बोलोन्याच्या न्यायालयाने ३१ डिसेंबर २०२० ला डिलिव्हरू या खाद्यपदार्थ पोचवणाऱ्या कंपनीच्या रँकिंगबद्दल निकाल दिला. "फ्रँक" नावाचा तो अल्गोरिदम पाळी चुकवली की गुण कमी करायचा. आजारी होता की संपावर होता की उगाच आला नाही, त्याला फरक पडत नव्हता. न्यायालयाने म्हटलं, हा न पडणारा फरक म्हणजेच भेदभाव. माझ्या अनुभवात असं सूत्र लिहिणाऱ्याच्या मनात भेदभाव नसतो. त्याच्या तक्त्यात "कारण" हा रकानाच नसतो. मोजपट्टी यांच्या प्रश्नावलीत नव्हता तसाच.

युरोपीय संघाचा २०२४ चा प्लॅटफॉर्म काम निर्देश इथे बराच पुढे गेलाय. खातं बंद करण्याचा निर्णय निव्वळ यंत्राने घ्यायचा नाही, माणसाने घ्यायचा. भावनिक, मानसिक अवस्थेचा डेटा आणि खासगी संभाषणं हाताळायची नाहीत. सदस्य देशांना आपापले कायदे करायला २ डिसेंबर २०२६ ची मुदत आहे.

कळफलक:

सूत्रधार, तुमची ती ओळ वाचून थांबले. म्हणजे मी किती वेळ रिफ्रेश करत बसते ते त्यांना माहीत असतं?

सूत्रधार:

हो ताई. पान किती वेळ उघडं होतं, किती वेळा रिफ्रेश झालं, सगळं.

शोधनिबंध:

संशोधकाच्या बाजूची एक कोंडी सांगते. मी याच विषयावर पीएचडी करते आहे.

कामगारांची यादी कुठेच नाही. कारखान्यांची असते, घरांची असते. इथे नमुना निवडायचा कशातून? मग आम्ही काय करतो, त्याच प्लॅटफॉर्मवर टास्क म्हणून प्रश्नावली टाकतो. म्हणजे जे त्या दिवशी सक्रिय आहेत, इंग्रजी वाचतात आणि आमचा टास्क ज्यांना दिसला, तेच उत्तर देतात. ज्यांचं खातं बंद झालं ते कधीच येत नाहीत. ज्यांनी कंटाळून सोडलं तेही नाहीत. सर्वांत जास्त सोसलेली माणसं आमच्या नमुन्याबाहेर.

दुसरा मार्ग बाहेरून मोजण्याचा. ऑक्सफर्डमध्ये ओट्टो कॅसी आणि विली लेहदोनविर्ता यांनी २०१६ पासून ऑनलाइन श्रम निर्देशांक चालवला. मोठ्या प्लॅटफॉर्मवर रोज किती कामं टाकली जातात ते आपोआप गोळा करायचं. फार उपयोगी साधन. सुरुवातीला फक्त इंग्रजी प्लॅटफॉर्म, २०२० मध्ये स्पॅनिश आणि रशियन आले. पण निर्देशांक मागणी मोजतो. काम न मिळता बसलेली व्यक्ती त्यातही दिसत नाही.

तिसरी गोष्ट नवीन आहे. २०२३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ईपीएफएल या विद्यापीठातल्या संशोधकांनी ४४ जणांना निबंधांचे सारांश लिहायचं काम दिलं. त्यातले ३३ ते ४६ टक्के जण चॅटजीपीटीसारखं भाषा मॉडेल वापरत असल्याचा त्यांचा अंदाज निघाला. नमुना लहान आहे, पण अर्थ मोठा आहे. माणसांची मतं म्हणून गोळा केलेला डेटा मानसशास्त्रात, अर्थशास्त्रात जातो. मी कामगारांना दोष देत नाही. ज्याला मिनिटाचे पैसे मिळत नाहीत तो मिनिट वाचवणारच. पण म्हणजे बिनपैशाचा तास शेवटी ज्ञानाच्या दर्जापर्यंत पोचतो, आणि हे आम्ही संशोधकच घडवतो, कारण टास्कचा दर आम्ही ठरवतो. हारा आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ॲमेझॉनच्या मेकॅनिकल टर्क या टास्कच्या प्लॅटफॉर्मवरच्या २,६७६ कामगारांची ३८ लाख टास्कं तपासली होती. मधली, म्हणजे मध्यक कमाई तासाला सुमारे २ डॉलर. काम देणाऱ्यांत विद्यापीठंही होती, हे विसरून चालणार नाही.

मला आशा वाटते ती कामगारांनी स्वतः केलेल्या मोजणीत. टर्कऑप्टिकॉन २००८ पासून आहे, काम देणाऱ्यांना कामगार गुण देतात. आणि अस्लम यांच्याबरोबर उबरविरुद्धचा तो ब्रिटिश खटला लढलेले जेम्स फरार यांनी वर्कर इन्फो एक्स्चेंज काढली. युरोपच्या डेटा कायद्याने प्रत्येकाला स्वतःची माहिती मागता येते. अशी एकेकाची माहिती एकत्र करायची. ॲम्स्टरडॅमच्या अपील न्यायालयाने ४ एप्रिल २०२३ ला अशी माहिती मागण्याच्या खटल्यांत बऱ्याच मुद्द्यांवर चालकांच्या बाजूने कौल दिला.

पहाटपाळी:

मी कंटेंट मॉडरेशन करतो, म्हणजे लोकांनी टाकलेले व्हिडिओ बघून आक्षेपार्ह ते काढून टाकतो. मोजायचंच असेल तर माझाही एक तास धरा. शिफ्ट पहाटे पाचला संपते, पण बघितलेले व्हिडिओ संपत नाहीत. त्यानंतर झोप येईपर्यंतचे जे दोन तास असतात ते कुठल्या रकान्यात जातील? २०२० मध्ये फेसबुकने मॉडरेटरांच्या दाव्यात ५.२ कोटी डॉलरची तडजोड केली, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की कुणीतरी हे नुकसान म्हणून मोजलं. पण ते अमेरिकेतल्यांसाठी होतं. तेच व्हिडिओ इतर देशांत बसून बघणाऱ्यांना त्यातलं काही नव्हतं.

मोजपट्टी:

पहाटपाळी, तुमच्या त्या दोन तासांसाठी माझ्याकडे रकाना नाही, आणि घाईने काढावासाही वाटत नाही. आरोग्याच्या पाहणीतल्या सहकाऱ्यांशी बोलते आणि इथे परत येते.

बाकी सर्वांच्या प्रतिसादांवरून मी प्रश्न नव्याने लिहिला आहे. आधीच्या एका प्रश्नाचे आता चार झालेत. मागचा पूर्ण एक दिवस डोळ्यांसमोर आणून उत्तर द्यायचं, आठवड्याचा अंदाज नको:

कालच्या दिवसात ज्याचे पैसे मिळाले किंवा मिळणार आहेत असं काम किती वेळ केलंत?
केलेलं पण नाकारलं गेलेलं, किंवा ज्याचे पैसे ठरलेलेच नव्हते असं काम (चाचणी, सूचना वाचणं, परत येण्याचा प्रवास) किती वेळ?
कामाची वाट पाहण्यात किती वेळ गेला?
त्या वेळी एकाहून जास्त ॲप चालू होती का?

दुचाकी, शेवटचा प्रश्न तुमच्यामुळे आहे. कळफलकताई, तुम्ही कालचा दिवस भरून पाहाल का? अडेल तिथे सांगा.

दुचाकी:

भरला. पैशाचा वेळ पाच तास दहा मिनिटं. बाकीचा मिळून चार तासांच्या वर गेला. स्वतःच्या हाताने लिहिल्यावर कळलं. लॉगिन करू देत नाहीत तो वेळही कुठेतरी घ्या, परवा तासभर तसाच गेला.

कळफलक:

मीही भरला, पण तिसऱ्या प्रश्नाशी अडले. "वाट पाहण्यात" असं लिहू नका, ताई. दुचाकीदादा वाट पाहतात, त्यांची ऑर्डर येते किंवा येत नाही. मी वाट पाहत नव्हते, मी शोधत होते. यादी चाळत होते, दर बघत होते, कोण नाकारतो ते इतरांना विचारत होते. "वाट पाहिली का" विचारलंत तर मी शून्य लिहीन, आणि माझे अडीच तास पुन्हा जातील.

मोजपट्टी:

बरोबर आहे. दोन वेगळे रकाने करते, "वाट पाहणं" आणि "शोधणं". दुचाकी, लॉगिन बंद असलेल्या वेळाचाही वेगळा. पुढच्या चाचणी मुलाखती सोमवारपासून आहेत, नवा मसुदा त्याआधी इथे टाकते.